उरले : १

१

मोजणीबाईंचं खरं नाव ऑफिसात आता कोणाच्याच तोंडी राहिलं नव्हतं. चौदा वर्षं बसखात्यात माणसं मोजल्यावर दुसरं काय होणार! कोणत्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, किती जण उभ्याने लोंबकळले, हे कागदावर मांडायचं आणि संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. नाटकाला गेल्या तरी पडदा उघडायच्या आत बाईंनी रांगा गुणिले खुर्च्या करून टाकलेलं असायचं. नवरा म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही दारातच उभी राहून आधी आत किती गेले ते विचारेल."

अशा या बाईंच्या गळ्यात खात्याने बिनचालकाची गाडी घातली. सात नंबरच्या मार्गावर ती तीन महिने चालवून बघायची, आणि बाईंचा अहवाल चांगला आला तर सगळ्या शहरात अशाच गाड्या आणायच्या. डेपोतून निघून, अकरा थांबे घेऊन, बावन्न मिनिटांत परत डेपोत. ना चालक, ना वाहक. दाराच्या वर एक काळी पट्टी, तिच्यातला सेन्सर माणसाची ऊब ओळखून मोजणार. बाहेर कोणी उभं असेल किंवा आतलं कोणी दाराशी येऊन थांबलं असेल, तरच गाडी थांबणार आणि दार उघडणार. फेरी संपली की पुढच्या पडद्यावर तीन ओळी उमटायच्या: चढले, उतरले, उरले.

बाईंच्या तक्त्यात एक्केचाळीस प्रश्न होते. पहिला, 'गाडी वेळेवर सुटली का?' आणि शेवटचा, 'फेरी संपल्यावर गाडी पूर्ण रिकामी झाली का?' हा शेवटचा प्रश्न वाचून बाई पहिल्या दिवशी मनापासून हसल्या होत्या. रिकामी होणार नाही तर काय, लोक तिथे बिऱ्हाड थाटणार?

मोजणीचा एक जुना नियम आहे. मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही. यंत्राला हे कुठलं कळायला, ते सगळ्यांनाच मोजायचं, त्यामुळे यंत्राचा आकडा बाईंच्या आकड्यापेक्षा नेमका एकाने जास्त यायचा. बाई तो एक वजा करायच्या आणि पुढे जायच्या.

एका गुरुवारी दुपारी फेरी संपली. बाईंच्या हिशेबात चढले त्रेसष्ट, उतरले त्रेसष्ट. पडद्यावरही चढले ६३, उतरले ६३. तंतोतंत! चला, बाई मनात म्हणाल्या, कोणीतरी शहाण्याने आपल्याला वगळायची सोय केली वाटतं. मग त्यांनी खालची ओळ वाचली.

उरले : १.

त्रेसष्टातून त्रेसष्ट गेले की एक उरतो, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. बाईंनी मान वळवून गाडीभर नजर फिरवली. अठ्ठावीस खुर्च्या, मागचं लांब बाकडं, उभ्या दांड्या. चिटपाखरू नव्हतं.

२

डेपोत या गाडीची देखभाल एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे होती. त्याला सगळे पाना म्हणायचे. तीस वर्षं डिझेलच्या इंजिनात हात काळे केलेला माणूस. या नव्या गाडीत पान्याने फिरवावा असा एकही नट नव्हता, तरी मागच्या खिशात पाना असायचाच.

"अहो पाना, एक उरलाय म्हणते गाडी," बाई म्हणाल्या.

"मांजर असेल." पाना वाकून एकेका खुर्चीखाली बघत गेला. "मागं एकदा एका गाडीत मांजर व्यालं होतं. पाच पिल्लं. चढले शून्य, उतरले सहा."

मांजर नव्हतं. पानाने दाराच्या पट्टीवरची धूळ पुसली, फुंकर मारली, वर एक टपली मारली. दुसऱ्या दिवशी चढले ५८, उतरले ५८, उरले १. सोमवारीही तेच. एरवी अशी चूक सापडली की बाईंच्या अंगात वारं संचारायचं, छडा लावल्याशिवाय घास उतरायचा नाही. या वेळी तसं काही झालं नाही. त्यांनी नुसतं लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी लिहून घेतली. पाचवा थांबा एका शाळेच्या फाटकासमोर आहे. त्या सोमवारी सकाळी अकराच्या फेरीला थांब्यावर कोणी नव्हतं, आत दाराशी कोणी उभं नव्हतं. तरी गाडी थांबली. उतरणाऱ्याला सोपं जावं म्हणून ती एका बाजूला किंचित झुकते, तशी झुकली. दार उघडलं. बाहेरची धूळ आणि फाटकाच्या पलीकडून मुलांचा पाढे म्हणण्याचा आवाज आत आला. बाईंनी सवयीने सेकंद मोजले. अकरा. मग दार मिटलं, गाडी सरळ झाली आणि निघाली.

सतरावा प्रश्न, 'गाडी विनाकारण थांबली का?' होय. कारण? बाईंनी रकाना मोकळा सोडला. पुढच्या फेरीलाही पाचव्या थांब्यावर अकरा सेकंद. त्याच्या पुढच्याही.

दाराशी कोणीतरी उतरायला येऊन उभं राहतं आणि उतरत नाही, असं गाडीला वाटत असावं. हा विचार बाईंच्या डोक्यात आला आणि त्यावर त्यांना काहीच वाटलं नाही.

बाईंची पूर्वीची ठरलेली जागा दाराजवळची, बारा नंबरची एकटी खुर्ची. तिथून दार सरळ दिसतं. हल्ली मात्र त्या मागच्या बाकड्यावर बसत. का, तर बाराच्या डोक्यावरचा झोत फार गार येतो, असं त्या स्वतःला सांगत. त्या दुपारी छत्री टेकत एक आजोबा चढले. गाडी भरलेली, बारा नंबर तेवढी मोकळी. आजोबा तिच्यापाशी गेले, वाकले आणि "असू द्या, असू द्या, बसा तुम्ही," म्हणून दांडी धरून उभे राहिले.

बाई उठून जवळ गेल्या. "आजोबा, बसा की. जागा आहे."

"बसलंय ना कोणीतरी," आजोबा म्हणाले आणि वळून बघितलं. "अरेच्चा! उठल्या वाटतं. आत्ता इथंच होत्या बाई."

तरी ते बसले नाहीतच. बाईंनी खुर्चीच्या गादीकडे पाहिलं. गादी मधोमध दबलेली होती. जुन्या गाद्या दबतात. पण ही गाडी तीन महिन्यांचीही नव्हती.

३

घरी नवरा आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला सगळे टिल्ली म्हणत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, घराच्या खालीच. त्याने एका रविवारी बाईंना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती.

"नजर ठणठणीत आहे तुझी," तो म्हणाला. "बघतेस कुठे, तेवढंच कळत नाही."

"काय बिघडलंय माझं?"

"बिघडलं काही नाही गं. पण असून नसल्यासारखी असतेस. परवा ती तापलेली कढई नुसत्या हाताने उतरवलीस. मी ओरडलो तेव्हा ठेवलीस."

बाईंनी तळहात पाहिला. भाजल्याची खूणही नव्हती. दुखलंही नव्हतं. चहा तोंडाला लावला तर तो गरम आहे की गार, हे त्यांना वाफ बघून ठरवावं लागे. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की नाही हेही बाईंना आठवत नसे. सगळ्यांत वाईट म्हणजे टिल्ली. शाळेतून आली की ती धावत येऊन कंबरेला मिठी मारायची, आणि बाईंना ती मिठी जाड गोधडीच्या आतून कळायची. कोणीतरी कोणाला तरी बिलगतंय, एवढंच. आपलं लेकरू बिलगतंय आणि आपल्या जिवाला काही होत नाही, हे काही बरं लक्षण नव्हे, एवढं त्यांना समजत होतं. पूर्वीसारखं व्हावं, असं त्यांना फार वाटत होतं. म्हणजे वाटायला हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मायलेकींचा एक खेळ होता. सकाळी निघताना बाई स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर हाऽऽ करून वाफ सोडायच्या आणि बोटाने झटकन काहीतरी काढायच्या. वाफ विरायच्या आत टिल्लीने ओळखायचं. बूट, मासा, किटली. ओळखलं तर अंगठा वर. गेले काही दिवस खेळ बंद होता. बाई म्हणायच्या वेळ नाही. खरं म्हणजे एकदा त्यांनी हाऽऽ करून पाहिलं होतं आणि काच कोरडीच राहिली होती. हवा बदलली असेल, म्हणून त्या निघून गेल्या होत्या.

त्या सोमवारनंतर दोन आठवड्यांनी, बुधवारी संध्याकाळी टिल्ली दप्तर न काढताच म्हणाली, "आई, आजचा मासा मी लगेच ओळखला ना!"

"कुठला मासा?"

"बसच्या काचेवरचा. आमच्या सुट्टीत बस आली तेव्हा. मी फाटकातून ओरडले, मासा! मग तू अंगठा दाखवलास. आणि किती हसलीस!"

बुधवारी दिवसभर बाई ऑफिसात होत्या. साहेबांच्या खोलीत, बंद दाराआड, इतर सहा जणांबरोबर. गाडीवर पाऊलही ठेवलं नव्हतं.

"दुसरं कोणीतरी असेल गं," बाई म्हणाल्या. "तपासणीचं जाकीट घातलं की सगळ्या सारख्याच दिसतात."

"तूच होतीस," टिल्ली म्हणाली. "नारिंगी जाकीट होतं."

बाईंनी खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर त्यांचं जाकीट होतं, पाठीवर 'तपासणी' लिहिलेलं. ते हिरवं होतं. नारिंगी जाकीट हरवलं, म्हणून भांडारातून त्यांना हे बदली मिळालं होतं. नारिंगी कुठे हरवलं, हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

४

ते झालं होतं तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, ऐन दुपारी. त्या दिवशी प्रवासी न घेता चाचणी होती. गाडीत बाई एकट्याच. आठव्या आणि नवव्या थांब्याच्या मधे, एका गोदामाच्या लांबलचक भिंतीला लागून गाडी थांबली ती थांबलीच. दार जाम. हवेचा झोत बंद. बाईंनी नियंत्रण कक्षाला फोन केला, तिकडून सांगितलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांची पन्नास झाली. बाईंनी जाकीट काढून बारा नंबरच्या पाठीला अडकवलं. काचेला गाल लावून बसल्या. श्वास लागायला लागला. त्या वेळी मात्र त्यांना भीती वाटली होती, चांगली सडकून वाटली होती. टिल्लीचं तोंड डोळ्यांपुढे आलं होतं. आठवणीतली शेवटची भीती ती हीच.

अखेर मागच्या खिडकीची लाल मूठ ओढून त्यांनी काच ढकलली आणि बाहेर उडी टाकली. गुडघा खरचटला. दाराने न उतरता असं कोणी बाहेर पडलं, तर नोंद हाताने करावी लागते, खात्याने दिलेल्या टॅबवरून गाडीला तसा निरोप धाडायचा. घामेजलेल्या अंगठ्याने बाईंनी निरोप धाडला. गाडीने उत्तर दिलं, 'नोंद झाली. आभारी आहोत.' आणि काय सांगावं, निरोप मिळताच ती बिनबोभाट चालू झाली आणि बाईंना रस्त्यावर ठेवून निघून गेली. जाकीट आतच.

गुरुवारी सकाळी बाईंनी तो निरोप टॅबवर शोधून काढला. धाडायचं होतं, 'उतरले १'. धाडलं होतं, 'उरले १'.

मधला त गाळला गेला होता.

बाईंनी ते तीनदा वाचलं. चौदा वर्षांत दिवसाला शंभरदा लिहिलेला शब्द. तो चुकला यावर त्यांना हसू यायला हवं होतं, निदान जीभ तरी चावायला हवी होती. त्यांनी टॅब पानापुढे धरला.

"आता दुरुस्त कसं करायचं?"

पानाने चष्मा कपाळावर चढवला. "नोंद एकदा झाली की झाली. मागं जाऊन खोडता येत नाही, तसंच बनवलंय त्यांनी, लबाडी नको म्हणून. पण सोपं आहे हो. जो उरलाय तो दाराने उतरला की झालं शून्य."

"जो उरलाय तो म्हणजे मीच. आणि मी तर इथे उभी आहे."

"मग उतरा की पुन्हा!" पाना हसला. "दाराने चढलात तर एक वाढेल. मागच्या खिडकीतून आत शिरा नि पुढच्या दाराने खाली या. फिटंफाट."

तोडगा बिनतोड होता. पानाने स्टूल लावलं, बाई मागच्या खिडकीतून आत शिरल्या. गाडी डेपोत उभी, सकाळचं ऊन खुर्च्यांवर तिरकं पडलेलं. रिकाम्या गाडीत एक बारीक घरघर असते, ती चालू होती. बाराच्या डोक्यावरचा झोत चालू होता. बाकी एकही चालू नव्हता. बाई बाराच्या बाजूने जाताना, गर्दीत एखाद्याचे पाय चुकवावेत तशा, अंग चोरून पुढे गेल्या. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दार पानाने बाहेरून बटण दाबून उघडलं. बाई पायरी उतरल्या. पडद्यावर उतरले ०, उरले १.

"पट्टी लबाड आहे," पाना म्हणाला. स्वतः खिडकीतून आत शिरला, कण्हत कण्हत चालत आला, दाराने उतरला. उतरले १. तरीही उरले १. गाडी जणू म्हणत होती, हा माणूस तो नव्हे.

"पुन्हा या बरं तुम्ही."

बाई चार वेळा उतरल्या. चारही वेळा उतरले १ चे २ झाले नाहीत. पट्टी ऊब मोजते, पाना स्वतःच्याच नादात सांगत होता, कुत्रं गेलं तरी मोजेल, गरम भाकरीचा डबा घेऊन गेलात तर तोही मोजेल कदाचित.

बाईंना आपल्या वहीतले आकडे आठवले. गेले तीन आठवडे यंत्राचा आणि त्यांचा आकडा तंतोतंत जुळत होता. कोणी सोय वगैरे केली नव्हती. गाडी त्यांना मोजतच नव्हती.

घाबरण्यासारखी गोष्ट होती ही. बाई भीतीची वाट बघत थोडा वेळ पायरीपाशी उभ्या राहिल्या. मागून पाना हात पुसत आला आणि दचकलाच.

"अहो, तुम्ही इथेच होय! मला वाटलं, गेलात."

५

त्याच दिवशी दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हे, पण वरून दट्ट्या बसला की खाली द्यायचा, एवढंच त्याला माहीत.

"उद्या शेवटची फेरी आणि उद्याच सही," साहेब म्हणाले. "सगळं छान आहे. चाळीस प्रश्नांना चाळीस उत्तरं. तुमचं घोडं एक्केचाळिसाव्यापाशी पेंड खातंय. रिकामी झाली का? डोळ्यांनी बघा आणि 'होय' लिहा."

"पडदा 'उरले एक' म्हणतो, साहेब. शून्य आल्याशिवाय मी 'होय' लिहिणार नाही."

"कोण उरलंय, सांगा तरी!"

बाईंनी तक्ता मिटला. त्या जायला उठल्या तेव्हा शिपाई चहाचे कप घेऊन आला आणि साहेबांपुढे एकच ठेवून गेला.

घरी येऊन बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता पसरून बसल्या. पहिल्यापासून सगळे रकाने पुन्हा तपासायचे होते. काम केलं की बरं वाटेल, असं नाही. काम केलं की काही वाटायची गरज उरत नाही. टिल्ली समोर हनुवटी टेकून बसली.

"आई."

"हं."

"आज तू किटली काढलीस. मी ओळखली. मग दार उघडलं, मी फाटकातून बघितलं, तू अगदी पायरीपाशी आली होतीस. मग उतरली का नाहीस?"

बाई सव्विसाव्या प्रश्नावर होत्या. 'थांब्यावर गाडी पुरेशी झुकते का?' सरासरी काढायची होती.

"मला वाटलं, तू मला घ्यायला आलीस. बाकीच्यांच्या आया येतात. तू रोज दारापर्यंत येतेस नि परत जाऊन बसतेस." टिल्लीचा आवाज बारीक झाला. "उद्या उतरशील?"

"टिल्ली, काम करू दे ना गं."

"उतरशील का पण?"

"तू सांग ना मला, उतर म्हणून," बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "सांगितलंस की उतरेन. जा आता, बाबांना मदत कर."

टिल्ली उड्या मारत जिना उतरून दुकानात गेली. सव्विसाव्या प्रश्नाची सरासरी निघाली. मग बाईंचं पेन थांबलं. आपण आत्ता काय बोललो, ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. उठावं, खाली जावं, लेकीला सांगावं की उद्या त्या थांब्यावर फिरकू नकोस, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्यासुद्धा. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. खालून टिल्ली बापाला सांगत होती, "उद्या आई मला न्यायला येणारे!" आणि नवरा म्हणाला, "खरंच? अरे वा! मग उद्या दुकान लवकर बंद." किती दिवसांनी तो असा बोलत होता. बाई तशाच परत फिरल्या आणि सत्ताविसावा प्रश्न उघडला.

६

शुक्रवारी शेवटची फेरी साडेचारची. बाई मागच्या बाकड्यावर बसल्या. शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई होती, तिने पिशवी ठेवायला जागा हवी म्हणून बाईंच्या बाजूला सरकवली, अगदी बाईंच्या मांडीपर्यंत. "अहो," बाई म्हणाल्या. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

चौथ्या थांब्यावर तिघे उतरले, एक चढला. बाईंनी लिहून घेतलं. पाचव्याच्या आधी एक वळण आहे, ते घेतलं की शाळेची भिंत दिसू लागते. शाळा नुकतीच सुटली होती. थांब्याच्या खांबाजवळ टिल्ली उभी होती. दप्तर पाठीवर, बुटाची नाडी सुटलेली. ती मागच्या खिडकीकडे बघत नव्हती. बारा नंबरच्या काचेकडे बघत होती आणि तिचे ओठ काहीतरी ओळखत होते.

गाडी थांबली. झुकली. दार उघडलं. बाईंनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. टिल्ली दारापुढे आली. तिने मान वर केली. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला मुलं जेवढी वर करतात, तेवढीच. पाच. सहा.

"आई, उतर ना!"

बारा नंबरची गादी सावकाश वर आली, दाबलेली गादी कोणी उठल्यावर येते तशी. सात. बाई उठल्या. दांड्या धरत, उभ्या माणसांच्या मधून वाट काढत दाराकडे निघाल्या. कोणी वाट दिली नाही, आणि ती द्यावीही लागली नाही. पायरीवर वजन पडून गाडी कणभर खाली गेली आणि पुन्हा वर आली. दहा. अकरा.

दार बाईंच्या तोंडावर मिटलं.

काचेतून थांब्याचा खांब आडवा येत होता. खांबाच्या अलीकडे टिल्ली, हात वर करून कोणाचा तरी हात धरलेली. पलीकडे एक नारिंगी बाही, तेवढीच. बाहीचा हात खाली आला, सुटलेली नाडी त्याने सफाईने बांधली. टिल्ली हसत होती. तीन आठवड्यांत ती इतकी हसली नव्हती. मग त्या हाताने तिच्या गालाला बोट लावलं आणि टिल्लीने खांदा उडवला, गार हात लागल्यावर उडवते तसा नव्हे, गुदगुल्या झाल्यावर उडवते तसा. हात उबदार असला पाहिजे. बरं झालं, बाईंच्या मनात आलं, थंडी पडायला लागलीये.

गाडी सुटली. बाईंनी दाराचं लाल बटण दाबलं. त्यातला दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईस्तोवर दाबलं. "टिल्ली!" त्यांनी हाक मारली. मोठ्याने मारली असावी. शेजारी उभ्या माणसाने जांभई दिली. बाईंनी काचेला तोंड लावून हाऽऽ केलं आणि घाईघाईने बोटाने मासा काढला. काच स्वच्छ होती. पलीकडे रस्ता, दुकानं, हात धरून चाललेली दोन माणसं, सगळं स्पष्ट दिसत होतं.

रडू फुटायला हवं होतं. बाईंनी तसा प्रयत्नही करून पाहिला. मग त्या मागच्या बाकड्यावर जाऊन बसल्या, कारण सहावा थांबा आला होता आणि तिथे चौघे चढले होते.

डेपोत गाडी शिरली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. शेवटचे दोघे उतरले. पडदा उजळला. चढले ४७. उतरले ४८. उरले ०.

पाना दारातून आत डोकावला. एक पाय पायरीवर ठेवून त्याने पुढून मागपर्यंत सगळ्या खुर्च्या नीट बघितल्या, मागचं बाकडंही बघितलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याने पडदा वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"शून्य!" तो बाहेर कोणाला तरी ओरडून म्हणाला. "सांगा साहेबांना, सुटली एकदाची मोजणीबाईंची भानगड. आहेत कुठे पण त्या?"

"घरी गेल्या असतील," कोणीतरी लांबून म्हणालं. "मगाशी पाचव्या थांब्यापाशी दिसल्या होत्या, मुलीबरोबर."

"लवकर गेल्या आज. बरं झालं. फार ओढत होत्या हल्ली." पानाने बटण दाबलं. दिवे गेले, घरघर थांबली, दार मिटलं.

बाईंनी तक्ता मांडीवर घेतला. खिडकीतून अजून लिहिण्यापुरता उजेड येत होता. चौदा वर्षांत त्यांनी एकही नोंद खोटी केली नव्हती आणि मोजणारा स्वतःला मोजत नाही. एक्केचाळिसावा प्रश्न त्यांनी पुन्हा एकदा पुरता वाचला, 'फेरी संपल्यावर गाडी पूर्ण रिकामी झाली का?', आणि 'होय'वर खूण केली.